पोपटभाऊंच्या चहाचं काय बिनसलं?

मी आयुष्यात कधी चहाची टपरी चालवली नाही. तरी नाशकातल्या कितीतरी टपऱ्यांच्या चहाला माझा हात लागलेला आहे, आणि तो चहा पिणाऱ्या कुणालाही माझं नाव ठाऊक नाही. याचं मला दुःख नाही. फोडणी देणाऱ्याचं नाव निघतं, मोहरी विकणाऱ्याचं कोण काढतो?

माझं काम पावडरीचं. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या गल्लीत आमच्या शेठची चहाची पेढी होती. आसाम-बंगालकडून पोती यायची. ती फोडायची, चाखायची, चार-पाच प्रकार एकमेकांत मिसळून मिक्स तयार करायचं आणि हॉटेलं, टपऱ्या, कॅन्टीनांना पोचवायचं. नव्वद सालाच्या आसपास मी तिथे लागलो तो पोती उचलायला. बाहेर पडलो तेव्हा मिक्स मीच ठरवत होतो.

चाखायला शेठनेच शिकवलं. पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या ओळीने मांडायच्या. प्रत्येकीत मोजून तेवढीच पावडर, वर उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. दूध नाही, साखर नाही. मग चमचाभर पाणी इतक्या जोरात ओढायचं की सुर्र आवाज शेजारच्या किराणा दुकानापर्यंत गेला पाहिजे. नव्या माणसाला याची लाज वाटते. मलाही वाटायची, बशीचा आवाज केला म्हणून लहानपणी आईने दोन धपाटे घातलेले. पण पाणी असं टाळूवर आपटलं की त्याचा वास घशामागून नाकात चढतो, आणि खरी चव तिथेच कळते. जीभ बिचारी गोड, आंबट, खारट, कडू, तुरट एवढंच सांगते. बाकी सगळं नाक बोलतं. हे मला पहिल्या वर्षीच माहीत झालं होतं, पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर बघणं वेगळं.

पावडर चांगली म्हणजे चहा चांगला, असंही नसतं. आमच्या मिक्समध्ये बारीक भुकटी असते, ती रंग आणि कडकपणा लगेच देते. आणि दाणा असतो, तो सावकाश उकलतो पण वास देतो. कुणाला किती भुकटी आणि किती दाणा द्यायचा, हे त्याच्या पाण्यावर ठरतं. धरणाचं पाणी हलकं, त्यात चहा मोकळा सुटतो. बोअरचं पाणी जड. त्यात तोच चहा काळपट दिसतो आणि वर तवंग धरतो. म्हणून पोतं उतरवून मी कधी लगेच निघालो नाही. बाकावर बसायचो, अर्धा कप मागायचो आणि बघत राहायचो. शेठ म्हणायचे, "दिनकर, तू विकायला जातोस का पाहुणचाराला?" पण ते मला अडवायचे नाहीत.

बघण्यासारखं होतंही खूप. पंचवटीत एकाच टपरीवर तीन प्रकारची माणसं यायची. यात्रेकरू गोड मागायचा, पुजारी कडक मागायचा आणि भाजीवाला भरपूर मागायचा. मालक एकाच पातेल्यातून तिघांना खूश करायचा. कसं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सटाण्याच्या कांदा मार्केटसमोर शेतकरी लिलावाआधी बशीत ओतून, फुंकर घालत, अर्धा तास एका चहावर काढायचे. लिलाव झाला की तोच माणूस उभ्याने दोन घोटांत कप रिकामा करायचा. शेठचे म्हातारे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी चहा ही आजाऱ्याला द्यायची वस्तू होती. कंपनीवाले चौकात गाडी उभी करून फुकट चहा पाजायचे आणि घरंदाज माणसं तो लपून प्यायची. "फुकट पाजून लावलेली खोड आहे ही," म्हातारबा हसायचे, "तिच्यावर आपण बंगला बांधला."

पण मला सांगायचंय ते अंबडच्या पोपटभाऊंबद्दल.

पोपटभाऊ मूळचे सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले. अंबडला कारखान्यात कामाला आले, कारखाना बंद पडला, तेव्हा तिथेच रस्त्याच्या कडेला टपरी टाकून बसले. समोरासमोर तीन कारखान्यांची गेटं. सकाळची पाळी सुटायची आणि दुपारची भरायची त्या अर्ध्या तासात त्यांच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसे. उंच, वाळकी शरीरयष्टी, खांद्यावर टॉवेल, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे माप म्हणून काही नव्हतं. पावडर मुठीने, साखर मुठीने, आलं अंदाजाने. चहा उकळायला लागला की ते पातेल्यावर वाकायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि एका विशिष्ट क्षणी पातेलं स्टोव्हवरून उतरवायचे. आधी नाही, नंतर नाही. मी पेढीवर घड्याळ लावून जे करायचो ते हा माणूस नाकाने करायचा, आणि माझ्यापेक्षा चांगलं करायचा. पलीकडच्या गेटचे लोक जवळची टपरी सोडून त्यांच्याकडे यायचे. आमची पावडर अंबडमध्ये पसरली ती त्यांच्यामुळे. नवा टपरीवाला विचारायचा, "पोपटभाऊंना देता तीच ना?"

आणि एका वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांचा पेढीवर फोन आला. "पावडर बदलून द्या. गिऱ्हाईक नावं ठेवतंय."

मी त्या पोत्यातला राखून ठेवलेला नमुना चाखला. उत्तम. तरी नवं पोतं घेऊन लुनावरून अंबडला गेलो. चहा प्यालो तर कडू, आल्याने घसा जळावा असा. जुनं पोतं परत आणलं, पुन्हा चाखलं. काहीच दोष नाही. चार दिवसांनी पुन्हा फोन. या खेपेला चहा पिळपिळीत, नुसतं गोड दूध. आता त्याच मिक्सची पावडर मी आणखी तीन टपऱ्यांना दिली होती आणि तिथे सगळं ठीक होतं.

शेठ चिडले. "अंबडचं सगळं गिऱ्हाईक त्या एका माणसाकडे बघून आपल्याकडे येतं. तो म्हणाला पावडर वाईट, की वाईट. दुसऱ्या पेढीचा माणूस त्याच्याकडे नमुना टाकून गेलाय, मला कळलंय. आठ दिवसांत काय ते शोध, नाहीतर तू परत पोती उचलायला लाग."

ते अर्धं गमतीत म्हणाले असतील, पण मी पूर्ण घाबरलो. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जास्त मला कुतूहल होतं. पावडर तीच, माणूस तोच, मग चहा रोज वेगळा का?

मी पाण्यापासून सुरुवात केली. घरच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून अंबडला नेलं. पोपटभाऊंनी त्याचा चहा केला. बिघडलेलाच. मग दूध. गवळी तोच होता, तरी दुसऱ्याकडचं आणून पाहिलं. साखर पाहिली. पातेलं नवं अ‍ॅल्युमिनियमचं होतं, म्हणून त्यांच्याकडून जुनं बाहेर काढवलं. स्टोव्हचं रॉकेल पाहिलं. बर्नर धूर धरत असेल तर चहाला वास लागतो. तोही नीट. माझ्या या उचापती बघून गेटवरचा वॉचमन म्हणाला, "साहेब, तुम्ही चहावाले का पोलीस?"

पोपटभाऊ मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे बघायचंच टाळत होते.

सहाव्या दिवशी दुपारी मी समोरच्या लिंबाखाली लुना लावत होतो, तेवढ्यात करपलेल्या दुधाचा वास आला. रस्ता ओलांडून टपरीपर्यंत पोचलो तोवर तो इतका वाढला की नाक धरावं. दुधाचं पातेलं खालून लागलं होतं. आणि पोपटभाऊ त्याच पातेल्यावर वाकून उभे होते. डोळे मिटून, नेहमीसारखे. मग त्यांनी ते दूध शांतपणे चहात ओतलं.

मी तिथेच थांबलो. काय बिनसलंय ते मला कळलं होतं, पण मन मानत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मी पिशवीतून कागदाच्या दोन पुड्या काढल्या. माझ्याकडे नमुने असायचेच. एकीत वेलचीपूड घातलेली पावडर होती, दुसरीत साधी. म्हटलं, "पोपटभाऊ, सांगा बरं, यातली वेलचीची कुठली?"

त्यांनी एक पुडी नाकाशी नेली. मग दुसरी. मग हळूच पहिली उघडून बोटाने पावडर पसरवून बघायला लागले, वेलचीचे तुकडे दिसतात का ते. पूड बारीक होती, दिसणार कुठून? त्यांनी दुसरी पुडीही तशीच उघडली. मला माझीच शरम वाटली. पोतं विकणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाची अशी परीक्षा घ्यायची नसते.

"राहू द्या, पोपटभाऊ."

ते बाकावर बसले. बराच वेळ टॉवेलने हात पुसत राहिले, हात कोरडे असताना.

"गणपतीच्या टायमाला ताप आला होता," ते म्हणाले. "लय ताप. आठ दिवस पडून होतो. उठलो तवापासून वास गेला. फुलाचा नाय, रॉकेलचा नाय, कशाचाच नाय. जेवण म्हंजी माती. गोड लागतं, खारट लागतं, बास."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणे, येईल बी, न येईल बी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणाला बोलू नका, दिनकरभाऊ. घरी बी सांगितलं नाय मी. चहावाल्याला वास येत नाय म्हटलं तर कोण प्यायला येईल? आंधळ्या न्हाव्याकडं कोण दाढी करतं?"

मी शब्द दिला.

पुढचे दोन आठवडे माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त शिकवून गेले. रोज अकराच्या सुमारास, गर्दीच्या आधी, आम्ही दोघे नाकाशिवाय चहा करायला शिकत होतो. मी पेढीवरचे चमचे नेले, मनगटावरचं घड्याळ काढून बरणीला टेकवलं. पण घड्याळ पुरत नाही. वारा असला की स्टोव्ह मंद होतो. मग आम्ही रंग धरला. चहाचा रंग ओल्या विटेसारखा झाला की थांबायचं. आणि आवाजाचा शोध तर पोपटभाऊंनीच लावला. पाणी उकळतं तेव्हा बुडबुडे कसे वाजतात, दूध पडल्यावर तो आवाज कसा जाड होतो, आणि उकळी वर यायच्या आधी क्षणभर पातेलं कसं गप्प होतं, ते त्यांनी मला कान लावून ऐकवलं. इतकी वर्षं चहात घालवून मी हे कधी ऐकलं नव्हतं. मी लहान पोरासारखा पुन्हा पुन्हा म्हणायचो, "परत करा, परत करा."

चहा सुधारला. पहिल्यासारखा नाही, पण रोज एकसारखा झाला. नावं ठेवणं थांबलं. शेठ खूश झाले. त्यांनी विचारलं, दोष काय होता? मी म्हटलं, पाण्याचा. तिथे जीभ आवरली.

पंचवटीत नाही आवरली.

एका गुरुवारी मी पंचवटीतल्या त्या टपरीवर बसलो होतो. चार ओळखीचे लोक होते, गप्पा चहावरच चालल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, चव म्हणजे सगळी जिभेची करामत. मी म्हटलं, चूक. आणि मग मला राहवलं नाही. ती गोष्टच इतकी विलक्षण होती की पोटात ठेवून मी फुगलो होतो. नाव घेतलं नाही मी. एवढंच म्हटलं, "अंबडला एक चहावाला आहे. त्याला कसलाच वास येत नाही. तो आवाजावर चहा करतो, आवाजावर!" ते उकळीआधीचं गप्प होणं वगैरे मी हातवारे करून सांगितलं. लोक थक्क झाले. मला फार बरं वाटलं. त्या चौघांतला एक जण अंबडच्या कारखान्यात फिटर आहे, हे मला माहीत होतं. त्या वेळी ते आठवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं. पण गोष्ट रंगात आली होती.

पुढच्या मंगळवारी पोतं घेऊन अंबडला गेलो तेव्हा पाळी सुटायची वेळ होती. टपरीपुढे नेहमीपेक्षा जास्त गर्दी आणि मोठा हशा. मला वाटलं, काहीतरी आनंदाचं चाललंय. लुना लावून पुढे झालो. माझ्या हातात कुणीतरी कप दिला, आणि ओठाला लावायच्या आधीच हिंगाचा भपकारा आला. कुणीतरी पोपटभाऊंच्या पावडरीच्या डब्यात हिंग कालवला होता. किटलीभर चहा वाटून झालेला.

"पोपटभाऊ," गर्दीतून एक जण ओरडला, "आज वास कसा सुटलाय बघा की!"

पोपटभाऊंना कळेना हे का हसताहेत. जुन्या सवयीने ते पातेल्यावर वाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कडक झालाय ना?"

असं काही हसले लोक. वाईट नव्हते ते. दिवसभर मशीनवर उभं राहिलेल्या माणसांना हसायला काहीतरी हवं असतं. पण तो हशा माझ्या कानातून अजून गेलेला नाही. पोपटभाऊंनी मान वर केली. सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. त्यांच्या हिशोबाने, डॉक्टर सोडला तर, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

ते स्टोव्हकडे वळले. स्टोव्हची हवा सोडली, किटली गटारात रिकामी केली, फळी लावली आणि निघून गेले.

टपरी चार दिवस उघडली नाही. पाचव्या दिवशी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो. अंबडच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, दारात तुळस. त्यांच्या बायकोने, मंदावहिनींनी, दार उघडलं. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. त्या मला ओळखत नव्हत्या, पण नाव सांगितलं आणि त्यांनी दारात आडवा हात धरला. राग आला की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची, हे मला त्या दिवशी समजलं.

"तुम्ही पावडर इकतस का बातम्या इकतस?"

मी दोन्ही हात जोडले. मी म्हटलं, "वहिनी, माझी चूक झाली. त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं. तुम्हालाही न सांगता..."

"माले न सांगता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मूर्ख आहे हे मलाही पटलं. "ताप उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातून वांग्याचं भरीत जळलं. पार कोळसा. हे जेवले अन् म्हणे, चांगलं शे. तवाच कळलं माले. बायकोला कळत नही का?"

"मग तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"ते सांगतील म्हणून वाट पाहिली. त्यांना वाटे, मी घाबरीन. माले वाटे, मी बोलले तर ते खचतील. दोघं बी गप." त्यांनी आडवा हात काढला. "तुम्ही तेवढे बोलले."

आत पोपटभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. हे सगळं त्यांनी ऐकलं असणार. मी दारातूनच माफी मागितली. ते वळले नाहीत.

सोमवारी टपरी उघडली. मी लांब, लिंबाखाली उभा होतो. जवळ जायची छाती नव्हती. स्टोव्हपाशी मंदावहिनी होत्या. तेव्हा अंबडच्या गेटावर बाई चहा करतेय हे दृश्य नवीनच होतं. पाळी सुटली, लोक आले आणि बिचकले. पोपटभाऊ टपरीच्या पुढे आले. मोजकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे मला ऐकू आला.

"ऐका. मला वास येत नाय. तुम्हाला सगळ्यांना ठाऊकच हाय, आता माझ्या तोंडून ऐका. चहा ही करणार, द्यायचं काम माझं. प्यायचा तर प्या, नायतर पलीकडं दुसरी टपरी हाय."

दोघे-तिघे पलीकडच्या टपरीकडे वळले. मग तो फिटर, पंचवटीतला, पुढे आला. मान खाली घालून म्हणाला, "मंदामावशी, एक द्या." हिंग त्याने घातला होता की दुसऱ्या कुणी, मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

निम्मं गिऱ्हाईक पलीकडे गेलं ते गेलंच. उरलेल्या निम्म्यावर मंदावहिनींनी टपरी पुन्हा उभी केली, त्याला वर्ष लागलं. त्यांचं नाक हा वेगळाच विषय आहे. पहिल्याच महिन्यात त्यांनी निरोप पाठवला, ही पावडर आम्हाला नको. मी नमुन्यांच्या सात पुड्या घेऊन गेलो. त्यांनी चहा केलाही नाही. कोरडी पावडर तळहातावर घेऊन तोंडाची वाफ मारली, हुंगली आणि सहा बाजूला सारल्या. सातवीबद्दल म्हणाल्या, "ही बरी शे, पण हिला पोत्याचा वास लागलेला शे." पेढीवर जाऊन पाहिलं तर ते पोतं खरंच भिंतीच्या ओलीला टेकलं होतं. शेठना नव्हतं कळलं, मला नव्हतं कळलं. त्यांच्या पसंतीने जे मिक्स जमलं ते आम्ही पुढे सगळ्या अंबडला विकलं. पोत्यावर शेठच्या पेढीचं नाव असायचं. ते मंदावहिनींचं मिक्स आहे, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. इथे बोलायला हवं होतं, आणि इथे मी गप्प बसलो.

पोपटभाऊ माझ्याशी बोलत नव्हते. पोतं उतरवून घ्यायचे, चहाचा कप समोर ठेवायचे, पण शब्द नाही. असं दोन वर्षं चाललं. मीही बसायचो, प्यायचो, उठायचो. दुसरा कुणी पोतं पोचवायला पाठवता आला असता, पण तसं करणं मला पळून जाण्यासारखं वाटलं.

तोवर काळ बदलायला लागला होता. स्टोव्ह जाऊन गॅस आला. काचेचे पेले जाऊन प्लास्टिकचे कप आले आणि टपरीमागे त्यांचा ढीग साठू लागला. मोबाइल आले, तशी बाकावरची माणसं एकमेकांशी कमी आणि हाताशी जास्त बोलू लागली. तीनपैकी एका कारखान्याने आत मशीन बसवलं. बटण दाबलं की पाणी, दूधपावडर आणि चहाचा अर्क एकदम कपात. मी कुतूहलाने आत जाऊन तो चहा प्यालो. रोज अगदी एकसारखा असायचा, एवढं मात्र कबूल करायला हवं.

अशाच एका दुपारी, मशीन आलेल्या कारखान्याची पाळी सुटून गेली होती, टपरीवर मी एकटाच होतो. वहिनी मागे भांडी घासत होत्या. पोपटभाऊंनी कप समोर ठेवला आणि नेहमीसारखे वळले नाहीत. समोरच बसले.

"लोकांना सांगत हिंडले तुम्ही," ते म्हणाले. आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "माझं सगळं सांगितलं. आता मला सांगा."

"काय सांगू, पोपटभाऊ?"

"चहा कसा झालाय."

मी घोट घेतला. पेढीवरची सवय, मी म्हटलं, "रंग चांगला. कडकपणा बेताचा. अंग भरलेलं..."

"हे तुमच्या शेठला सांगा. मला वास सांगा."

इतकी वर्षं मी वास घेत आलो, पण कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. मी पुन्हा घोट घेतला. ते डोळे मिटून बसले होते. म्हटलं, "आधी दूध येतं. गरम, थोडं साईचं. मग पावडर. तुमच्याकडं गुऱ्हाळ असतं ना, तिथे रस उकळून गूळ व्हायच्या जरा आधी जो वास सुटतो, त्याच्या जवळचा. मग गवती चहा, पण ताजा कापलेला नाही, सकाळी कापून ठेवलेल्या पातीचा. आणि सगळ्यात शेवटी आलं. ते नाकात जात नाही, घशातच राहतं. तिखट आहे, पण त्याला ओल्या मातीचा वास नाही. कोरडं आहे. दोऱ्यासारखं."

त्यांच्या कपाळावर आठी आली. ते मनातल्या मनात शोधू लागले. एखादा माणूस जुन्या पेटीत हात घालून वस्तू चाचपतो तसे.

मग डोळे न उघडताच त्यांनी मागे हाक मारली, "मंदे, अद्रक जुनं झालंय का गं?"

मागून भांड्यांचा आवाज थांबला. "परवाचं शे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय," पोपटभाऊ म्हणाले, "मला कळलं." आणि आलं आणायला ते स्वतः उठून गेले.